मंगळवारचं चालणं

बुटांचे तळ झिजलेले होते.

दीपमालानं ते हातात घेतले ते नुसते पिशवीत टाकायचे म्हणून. मागं दोन पेशंट आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. फिजिओथेरपीच्या गजेंद्र सरांनी भिंतीच्या मांडणीवरून तिच्या बाबांचं राहिलेलं सामान काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि आता 'बरं, येते मी' एवढं म्हणून निघायचं बाकी होतं. बाबांना जाऊन महिना होत आला होता. या महिन्यात तिनं अशा कितीतरी वस्तू कितीतरी टेबलांवरून उचलल्या होत्या, आणि त्यांच्याकडं न पाहता उचलायचं तिला आता जमू लागलं होतं. पण बूट तिनंच घेतले होते, मागच्या दिवाळीत, अकोल्याला. निळे, कापडी, वजनाला अगदी हलके. दुकानदारानं तळ वाकवून दाखवला होता आणि त्यावरची खोल जाळी तिनं बोटानं चाचपून पाहिली होती. ती जाळी आता नव्हती. डाव्या बुटाचं टोक घासून घासून आतलं कापड दिसत होतं. दोन्ही टाचा बाहेरच्या अंगानं उतरल्या होत्या. ती बूट उलटे धरून उभी राहिली. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे बूट असे झिजत नाहीत, हे तिच्या हातांना आधी कळलं. डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"हे दुसऱ्या कुणाचे असतील," ती म्हणाली.

"नाही हो. धम्मदीपभाऊंचेच. घरून चपलेवर यायचे, इथं आले की बूट. इथंच राहू द्या म्हणायचे, घरी नेले तर विसरून येईन."

"पण ते चालत नव्हते."

गजेंद्र सर दुसऱ्या पेशंटकडं वळता वळता थांबले. "केव्हाची गोष्ट म्हणता?"

"मेपासूनची. जूनमध्ये खुर्ची घेतली आम्ही."

"मॅडम," त्यांनी आवाज खाली आणला, "ते शेवटच्या मंगळवारीसुद्धा चालले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काठीशिवाय."

हॉलमध्ये एसी सुरू होता. बाहेर अमरावतीच्या बडनेरा रोडवर ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांत जात होतं आणि इथं तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता. समोर कमरेएवढ्या उंचीचे दोन समांतर लोखंडी दांडे, त्यांच्या टोकाला माणूसभर आरसा, आणि मधे गुळगुळीत फरशी. एक बाई खुर्चीत बसून पायाला अडकवलेला रबरी पट्टा ताणत होती आणि पट्टा प्रत्येक वेळी सुटताना चट् असा आवाज होत होता. दीपमालाला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे, निदान चेहऱ्यावर काहीतरी आणलं पाहिजे; पण चेहरा कुठल्या बाजूला न्यायचा तेच कळेना. आनंद व्हायला हवा होता का? बाबा चालत होते. मेलेला माणूस चालत होता ही बातमी घेऊन माणसानं काय करायचं असतं? दर मंगळवारी रात्री ती अकोल्याहून फोन करायची आणि विचारायची, "बाबा, आज काय केलं तिथं?" आणि बाबा म्हणायचे, "तेच ते व माय. बसून पट्टे तानतो. टाइमपास." तो आवाज, तो किंचित जड झालेला, शब्दाच्या शेवटी रेंगाळणारा आवाज तिला इतका स्पष्ट ऐकू आला, की तिनं गजेंद्र सरांचं पुढचं वाक्य ऐकलंच नाही.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस होतं. घरात 'एमएस' म्हणत आणि नातेवाईक 'नसांचा आजार'. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण झिजतं, आणि डोक्यानं दिलेला हुकूम पायापर्यंत धड पोचत नाही. ती शाळेत असताना त्याची सुरुवात झाली, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. बाबा बसमध्ये कंडक्टर होते. अकोटच्या रस्त्यावर, जिथं बसलेली माणसंही सीटच्या दांड्याला घट्ट धरत, तिथं बाबा दोन्ही हात मोकळे ठेवून उभे राहत; एका हातात तिकिटांचं यंत्र, दुसऱ्यात सुटे. लहानपणी ती एकदा त्यांच्या गाडीत बसली होती आणि गाडी वळणावर कलली तेव्हा सगळी माणसं एका बाजूला झुकली, फक्त बाबा सरळ राहिले होते. तेच बाबा पुढं एका उन्हाळ्यात गाडी उभी असताना कलंडले, आणि एका बाईनं खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "पाहा व, ड्युटीवर पिऊन आला!" लोक हसले. बाबा कधी पीत नव्हते. त्यांनी घरी येऊन ही गोष्ट सांगितली तीसुद्धा हसत, त्या बाईच्या आवाजाची नक्कल करत, आणि आईही हसली, आणि मग बाबा मोरीत जाऊन फार वेळ तोंड धूत राहिले.

"घरी काय अडचण येत होती?" गजेंद्र सर विचारत होते. त्यांनी तिला स्टूल दिलं होतं आणि ती केव्हा बसली तिला कळलं नव्हतं. "मी दर वेळी विचारायचो, घरी होते का? तर म्हणायचे, होते सर, घरीही होते, अंगणापर्यंत जातो."

"आमच्याकडं अंगणच नाही."



तिनं सांगितलं. मार्चमध्ये तिनंच शोधून काढलेला मोबाइलवरचा व्यायामाचा वर्ग, रोज दुपारी चारला. शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडम पुण्याहून बोलत. विदर्भातले बरेच जण असत. ती स्वतः अकोल्याहून जोडली जाई आणि बाबांच्या चौकटीकडं पाहत राही. खांदा कलला की सांगे. पहिले दिवस बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहत, गुडघा वर घेत, टाच टेकवत. एप्रिल अर्धा झाला तसा गुडघा खाली खाली येत गेला. मेमध्ये उभं राहिलं की मांड्या थरथरत, डोळ्यांपुढं अंधारी येई आणि आई मागून काखेत हात घालून त्यांना बसवी. एक दिवस डावा पाय जमिनीवरून सुटलाच नाही. प्राजक्ता मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काही हरकत नाही काका, बसून करा," आणि त्या पडद्यावरच्या सगळ्या चौकटी एकाच वेळी दुसरीकडं पाहू लागल्या. त्या रात्री तिनं आणि आईनं फोनवर चाकाची खुर्ची घ्यायचं ठरवलं होतं.

"चारला?" सर म्हणाले. "मेमध्ये? कूलर कुठं ठेवता तुम्ही?"

"खिडकीत. त्याच खोलीत आहे. पण वर्गाच्या वेळेला बंद."

"बंद?"

तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा आता पेशंटच्या नातेवाइकाशी बोलणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता.

कूलर बंद करायचं कारण अगदी साधं होतं, इतकं साधं की त्याला कारण म्हणावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. वर्गात सगळ्यांनी मोठ्यानं आकडे मोजायचे असत, श्वास कोंडू नये म्हणून. त्यामुळं कुणाचा आवाज बंद करून चालत नसे. आणि त्यांचा कूलर जुना, पत्र्याचा, सुरू झाला की भांडी घासल्यासारखा. वर्गात चिखलदऱ्याच्या पार्बताबाई होत्या, सत्तरीच्या, जिभेला हाड नसलेल्या. एक दिवस त्या मोजता मोजता थांबल्या आणि म्हणाल्या, "कोनाच्या घरी गिरनी चालू हाय व? दळन झालं असंन तं बंद करा ना!" सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले. "माह्याच घरी हाय, बाई. तुमी या पायल्या घेऊन," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजायच्या आधी आई कूलर बंद करी आणि रस्त्याचा आवाज नको म्हणून दार लावून घेई. अकोल्यात पडद्यापुढं बसलेल्या दीपमालाला बाबांचा आवाज स्वच्छ येऊ लागला होता. ती म्हणालीसुद्धा होती, "आता कसं छान ऐकू येते." लोकांना आपला त्रास नको ही बाबांची रीत होती, घरी पाहुणा आला की ते खोकलाही दाबत. खिडकीबाहेर अमरावतीचं मेचं ऊन, वर दिवसभर तापलेला स्लॅब, बंद दार, आणि आत एक माणूस आपला पाय उचलायचा प्रयत्न करत मोठ्यानं आकडे मोजतो आहे.

"या आजारात उष्णता फार वाईट," सर हळूहळू म्हणाले. "अंग तापलं की झिजलेल्या नसांतून निरोप जायचा अडतो. दिसणं कमी होते, पाय उचलत नाही. अंग थंड झालं की पुन्हा येते सगळं. म्हणून तर इथं आपण एसी..." ते थांबले. "मी असं म्हणत नाही की आजार वाढला नव्हता. पण तुम्ही स्क्रीनवर जे पाहिलं ते बहुतेक त्या खोलीतलं ऊन होतं."

हे वाक्य तिनं वाचलेलं होतं. आजाराबद्दल मराठीत, हिंदीत, इंग्रजीत हाताला लागेल ते तिनं वाचलं होतं आणि उष्णतेचं वाक्य त्यात प्रत्येक ठिकाणी होतं. ती बाबांना फोनवर बजावायची, "उन्हात जाऊ नका." उन्हात म्हणजे बाहेर. ऊन घरात बसलेलं असतं, चारच्या सुमाराला दार लावून घेतलेल्या खोलीत आपल्याच माणसांच्या मधोमध बसलेलं असतं, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलं नव्हतं. किंवा लिहिलंही असेल, पण कळायला त्या खोलीत जावं लागलं असतं, आणि ती अकोल्यात पंख्याखाली होती.

"पण मग जुलैत? पावसाळ्यात?" तिनं विचारलं. "तेव्हा तर ऊन नव्हतं."

"तेव्हा घरीही जमायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "इथं जमत होतं. हे मला समजत नाही."

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो विचारायचा नाही असं ती मघापासून ठरवत होती. "कसे चालत होते?"

गजेंद्र सर क्षणभर घुटमळले. मग ते दांड्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. शिकाऊ मुलांना दाखवतात तसं त्यांनी खांदे थोडे ढिले सोडले, हनुवटी वर घेतली, आणि चालायला लागले. डावा गुडघा गरजेपेक्षा जरा उंच, मग टाच, मग किंचित थांबणं, सगळं वजन विचारपूर्वक उजवीकडं, आणि डावा हात अंगापासून सुटलेला, हवेत काहीतरी तोलून धरल्यासारखा. नजर पायांकडं नाही, समोर.  ते बाबा होते. चाळिशीतल्या, दाढी राखलेल्या, कुणा परक्या माणसाच्या अंगातून तिचे बाबा फरशीवरून चालत येत होते आणि तो सुटलेला डावा हात तिकिटांचं यंत्र धरणारा होता. पट्टा ताणणारी बाई हसून म्हणाली, "अगदी भाऊंसारखं करता सर तुमी," आणि मग दीपमालाकडं पाहून तिनं पट्टा खाली ठेवला.

बूट तिनं नेले नाहीत. "कुणाला येत असतील तर द्या," असं ती म्हणाली, आणि हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की ते आता कुणालाच द्यायच्या लायकीचे राहिले नव्हते.

ऑटोत बसल्यावर तिला दुधाची गोष्ट आठवली. ती नववीत होती. आजाराला नुकतंच नाव मिळालं होतं, बाबांना चौकशी खिडकीवर बसायचं काम दिलं होतं, आणि तिथली माणसं म्हणत, "काल तं काठीशिवाय आला, आज काठी. सुट्टी पाह्यजे वाटते भाऊले." तोही उन्हाळाच. बाबा सकाळी थंड वेळेला चौकापर्यंत चालत जाऊन दूध आणत आणि संध्याकाळी मोरीपर्यंत जातानासुद्धा भिंत धरत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून, धुणंभांडी करून दमलेली. एका संध्याकाळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सकाळी तं चौकात जाऊन आले, आता चार पावलं नाई टाकता येत? आम्हालेच पाहून पाय जड होते का तुमचा?" रागानं नाही, नुसतं थकून.  दुसऱ्या दिवशी बाबा दूध आणायला गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत. दीपमालाला तेव्हा वाटलं होतं, आजार वाढला. दूध ती आणू लागली, आणि त्या वेळी आपण मोठे झालो असं वाटून तिला बरंही वाटलं होतं.

राजकमल चौकात ऑटो सिग्नलला थांबला. पाठीमागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तिनं ऑटोवाल्याच्या मानेवरची घामाची रेघ पाहिली आणि तिला अचानक, कुणी कानाशी येऊन सांगितल्यासारखं, कळलं. वाईट दिवस खोटे ठरू नयेत म्हणून त्यांनी चांगले दिवस टाकून दिले होते. ढोंगी म्हणवून घेण्यापेक्षा पांगळं राहणं त्यांना परवडलं. खुर्ची आली, आईनं नोकरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, खाली उतरायच्या पायऱ्यांवर उतार बांधला. आणि एवढं सगळं झाल्यावर जुलैतल्या एखाद्या गार सकाळी उठून चालायला लागायचं तर कुठल्या तोंडानं? म्हणून मंगळवार. जिथं कुणी कालचं विचारत नव्हतं अशी एक खोली. आईला ते म्हणायचे, "मंगळवारी तू नको येऊ. झोप जराशी. खुर्ची राहू दे घरी, ऑटोवाला धरून नेते नं मले." आणि आई कौतुकानं सांगायची, पाहा, एवढ्यातही माह्या झोपेची काळजी करते मानूस.

आणि आता हे आईला सांगायचं की नाही. ऑटो पुन्हा सुरू झाला आणि हा एकच विचार तिच्या डोक्यात दगडासारखा बसून राहिला. आईच्या कमरेला पट्टा होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगत होती, कसं उठवायचं, कसं मोरीत न्यायचं, कसं कूस बदलायचं. बाबांच्या शेवटच्या महिन्यांतलं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. तेवढंही काढून घ्यायचं? शिवाय सांगितलं तर तिला ती संध्याकाळ आठवेल. पोळ्या लाटतानाची. आणि न सांगितलं तर बाबा कायमचे त्या खुर्चीतच राहतील. जो माणूस कुणाचाच आधार न घेता चालला, तो चालला हे त्याच्याच घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार नाही.

घरी शेजारच्या मैनाबाई आलेल्या होत्या. चहाचे कप खाली होते.

"काय म्हनले सर?" आईनं विचारलं.

"काही नाही. सामान होतं थोडं, तिथंच देऊन आली."

"बरं केलं. त्या सामानाचं का करता आता." आई मैनाबाईंकडं वळली आणि तुटलेला धागा पुन्हा जोडला. "तं काय सांगू बाई तुमाले. शेवटले महिने पाय नाई लागला त्यायचा जमिनीले. मीच उचलत जाव. माही कंबर गेली, पन एक दिवस त्यायले ओल्यात नाई ठेवलं."

"तुह्यासारखी बाई नाई, मनकर्णा. माह्या बुढ्यानं असं केलं असतं तं मी खाटीसकट रस्त्यावर ठेवलं असतं," मैनाबाई म्हणाल्या. आई जराशी हसली. मग मैनाबाईंनी उसासा सोडला. "सुटला बिचारा. पाय गेले तवाच मानूस अर्धा गेला होता, दुसरं काय."

"पाय गेले नव्हते," दीपमाला म्हणाली.

तिचा आवाज फार मोठा आला. दोघी तिच्याकडं पाहू लागल्या.

"चालत होते ते. मंगळवारी. शेवटपर्यंत."

मैनाबाईंनी एकीकडून दुसरीकडं पाहिलं, पदर सावरला, "गॅसवर डाळ हाय माही" असं म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या मागं दार पुरतं लागलं नाही. पण ते लावायला कुणी उठलं नाही.

"कोन म्हनते?" आईनं विचारलं.

दीपमालानं सांगितलं. थंड हॉल, बूट, कूलरचं. चार वाजताच्या बंद दाराचं सांगताना तिनं आईकडं पाहिलं नाही. पोळ्या लाटतानाच्या त्या संध्याकाळचं सांगितलं नाही. आई ऐकत होती. मधेच तिनं कपांमधला एक कप दुसऱ्यात ठेवला, पुन्हा काढला.

"काठी घेऊन?"

"नाही."

"सरांच्या खांद्याले धरून चालत असतीन."

"नाही आई. कुणाले धरून नाही."

आईचा चेहरा दीपमालानं कधी पाहिला नव्हता असा झाला. रडण्याच्या जवळचं त्यात काही नव्हतं. रस्त्यात कुणी उगाच थोबाडीत मारावी आणि मारणारा ओळखीचा निघावा, तसा.

"अन् घरी आले की मले हात पसरत," ती म्हणाली. हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "लबाड मानूस." मग खालच्या आवाजात, "मी काही म्हनलं असतं का? चालले असते तं मी काही म्हनलं असतं का, सांग बरं?"

 आईची नजर दीपमालावरून सुटून स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली होती, ओट्याकडं, पोळपाटाकडं, आणि तिथंच थांबली होती. ती तिथं काय पाहत होती ते दीपमालाला कळलं. पंखा फिरत होता. अर्धवट उघड्या दारातून रस्त्यावरची दुपार आत येत होती.

मग आई उठली. कमरेवर हात ठेवून उठली, खुर्ची मागं ढकलली, टीपॉय भिंतीला लावला. खोलीच्या मधे फरशीचा रिकामा पट्टा तयार झाला.

"चालून दाखव."

"आई..."

"सरांनी तुले दाखवलं ना? मले दाखव. कसे चालत."

दीपमाला भिंतीशी जाऊन उभी राहिली. हनुवटी वर घेतली. समोर पाहिलं. डावा गुडघा उचलला, गरजेपेक्षा जरा उंच, टाच टेकवली, आणि थांबली. त्या थांबण्यात काय असतं हे तिला बाहेरून पाहताना कळलं नव्हतं. सगळं शरीर एका बाजूला ठेवून दुसरी बाजू परत येते की नाही याची वाट पाहायची असते. ती आली. तिनं पुढचं पाऊल टाकलं. डावा हात आपोआप अंगापासून सुटला. आई तिच्या चेहऱ्याकडं पाहत नव्हती, फक्त पायांकडं पाहत होती, ओठ हलत होते. खोलीच्या मध्यावर डाव्या पायाचं बोट फरशीच्या फटीत खरोखरच अडकलं आणि दीपमाला कलली.

आईचे दोन्ही हात झटक्यात पुढं आले, तळवे वर, थेट काखेखाली जाणारे, इतक्या महिन्यांची सवय झालेले. आणि अंगाला लागायच्या आत थांबले. दीपमाला आपल्या आपण सरळ झाली. हात तसेच हवेत राहिले. आईनं त्या हातांकडं कुणा दुसऱ्याचे असल्यासारखं पाहिलं, आणि मग ते हळूच मागं घेऊन पाठीशी धरले.

"मी नाई धरत," ती म्हणाली. "चाल तू."